बोली आणि अबोला

मनुष्याने मनुष्याची किंमत करू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि ज्याच्या हाती थोडाबहुत कारभार येतो त्याला ती पदोपदी करावी लागते, हेही आपण जाणतो. या विसंगतीचा विचार करण्यास आम्हांस अलीकडे एक निमित्त मिळाले. ३१ मे आणि १ जून २०२५ असे दोन दिवस मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. अलिबाग तालुक्यातील आमच्या घरी, पडवीत, पुतणे आणि त्यांचे सोबती दूरचित्रवाणीपुढे ठाण मांडून बसले होते. कबड्डी हा आमच्या किनाऱ्यावरील गावांचा जीव की प्राण. भात निघाले की शेतात मैदान आखावयाचे आणि विजेच्या दिव्यांखाली रात्र रात्र सामने चालावयाचे, हा येथील शिरस्ता. तेव्हा हातातील पुस्तक मिटून आम्हीही त्या मंडळीत जाऊन बसलो.

लिलावाचे शास्त्र पुतण्यांनी आम्हांस समजावून दिले. संघ बारा, प्रत्येकाची थैली पाच कोटी रुपयांची, त्याहून अधिक खर्च करण्यास मज्जाव. तेवढ्यात किमान अठरा आणि कमाल पंचवीस खेळाडू बसवावयाचे. खेळाडूंचे चार वर्ग. पहिल्याची बोली तीस लाखांपासून, शेवटल्याची नऊ लाखांपासून. आपला जुना खेळाडू दुसऱ्याने बोलीत जिंकला, तर तेवढीच रक्कम मोजून त्याला परत घेण्याची सवलत असते. पण तीही मोजकीच. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांना अशी खर्चमर्यादा १९८४-८५ च्या हंगामापासून आहे. श्रीमंताने सगळेच मोहरे आपल्या पटावर मांडू नयेत, हा तिचा हेतू. हेतू उत्तम, परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, जिंकणाऱ्या संघालाही आपली माणसे सोडावी लागतात.

इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईचेच पाहा. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात पुण्याने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरविले. पुढच्याच लिलावात हा वीर २ कोटी ७ लाखांना त्याच हरयाणाकडे गेला आणि डिसेंबरात, तोही पुण्याच्या बालेवाडीत, हरयाणा अजिंक्य ठरले. आता आमच्या देखत गुजरातने त्याच्यावर २ कोटी २३ लाख लाविले. तीन हंगाम, तीन गावे! पोरे टाळ्या पिटीत होती.

परंतु याच लिलावात प्रदीप नरवालचे नाव पुकारले गेले आणि पडवी एकदम शांत झाली. पाटण्याला सलग तीन अजिंक्यपदे मिळवून देणारा, चढाईत अठराशेहून अधिक गुण मिळविणारा हा गडी. २०२१ मध्ये त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले गेले होते. २०२४ मध्ये सत्तर लाख. या खेपेस एकाही संघाने हात वर केला नाही. पुढे थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती पत्करली.

"किती निर्दय आहेत हो, काका!" धाकटा पुतण्या म्हणाला. आम्ही मान हलविली. परंतु त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे संघमालक नव्हते, आम्हीच होतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही गावच्या मंडळाचे चिटणीस होतो. आमची थैली म्हणजे वर्गणी: नारळीपोफळीच्या वाडीवाल्यांकडून काही, कोळीवाड्यातून होडीमागे काही, मुंबईच्या चाकरमान्यांकडून काही. तेवढ्यात बारा जणांचे गाडीभाडे, जेवणखाण आणि प्रवेशाची रक्कम भागवावयाची. त्या वर्षी शेजारच्या गावचा एक तरतरीत चढाईपटू आमच्याकडून खेळण्यास राजी झाला. मात्र त्याच्या हातावर काही ठेवणे भाग होते. बारांतील एकाला गाळावे लागणार होते. आमचा डावा कोपरा चौदा वर्षे एकच गृहस्थ सांभाळीत असे. वयाने वडील, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणत असू. एके काळी त्याने घोटा धरला की भलेभले चढाईपटू जागीच बसत. पण आता गुडघा वाकत नव्हता. आम्ही दादाचे नाव गाळले. तो निर्णय योग्यच होता, असे आम्ही आजही म्हणू.

पण त्याला सांगावयाचे कोणी? ते काम चिटणीसाचे. आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ, असे करीत राहिलो. 'तो समजून घेईल' ही समजूत फार सोयीची असते. सामन्याच्या संध्याकाळी देवळापुढे टेम्पो लागला आणि दादा गुडघ्याला पट्टी बांधून, पिशवी घेऊन सर्वांच्या आधी हजर! आम्ही खाली मान घालून यादी वाचली. दादाने ती शेवटपर्यंत ऐकली आणि एवढेच म्हटले, "कालच सांगितलं असतंस, तर होडीवर तरी गेलो असतो."

मासेमारीचा ऐन हंगाम होता. आमच्या सामन्यासाठी त्याने समुद्रावरची पाळी चुकविली होती. चार पोरांच्या घरातील ती कमाई आमच्या भिडस्तपणाने बुडविली. त्या रात्री आम्ही जिंकलो. नव्या पोराने मैदान गाजविले. गुलाल मात्र आम्हांस लावून घेववेना.

लिलावात माणसाची बोली लागते, म्हणून आपण नाके मुरडतो. वास्तविक किंमत आम्हीही केलीच होती. फक्त ती चारचौघांत उच्चारण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते, आणि त्या भित्रेपणास आम्ही माणुसकी हे नाव दिले होते. नरवालला कठोर उत्तर मिळाले, तेही साऱ्या देशादेखत. परंतु तो दिवस कोणता, हे त्याला आधी ठाऊक होते. दादाला तेवढेही ठाऊक नव्हते. सोडणे हा नाइलाज असू शकतो. अबोला हा कधीच नाइलाज नसतो.

दादा आजही बाजारात भेटतो, घरची विचारपूस करितो. त्या संध्याकाळचा शब्द त्याने पुन्हा काढला नाही; आम्हीही काढला नाही.

थोरला पुतण्या हल्ली मंडळाचा चिटणीस आहे. लिलाव संपल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, दिवाळीनंतरच्या संघातून आम्हांलाही एक जुना गडी कमी करावा लागेल."

"यादी लावण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन ये," आम्ही म्हटले.

"जाईन. पण सांगू कसं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. ते शब्द आमच्या तोंडून कधी बाहेर पडलेच नव्हते. शेवटी आम्ही खुंटीवरची छत्री काढली आणि दादाच्या घरची वाट धरली.