ऐकणे हीसुद्धा तपासणीच

रुग्णाचे ऐकून घेणे हा डॉक्टरच्या स्वभावाचा गुण समजला जातो. तो असला तर उत्तम, नसला तरी औषध बरोबर असले म्हणजे झाले. वैद्यकीचे काम करणारा म्हणून मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. ऐकणे ही तपासणी आहे, नाडी बघण्याइतकीच. आयुर्वेदाने दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न ही तिसरी परीक्षा सांगितली, ती शिष्टाचार म्हणून नव्हे. इंग्लंडमध्ये १९७५ साली हॅम्प्टन व सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातले ८० नवे रुग्ण अभ्यासले. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकिगत ऐकून बांधलेले निदान त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकले.

न ऐकल्याने किती मोठे दुखणे नजरेआड राहते, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारी धोरणाला दिसत होते. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, पाळीचा त्रास हे सगळे बायका मुकाट्याने सोसत होत्या. यंत्र नंतर आणता आले असते. आधी त्यांना कोणीतरी विचारायला हवे होते आणि उत्तर येईपर्यंत थांबायला हवे होते.

ओपीडीत केसपेपरांचा ढीग पडलेला असताना ऐकायला वेळ कुठून आणायचा, असे सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या १९८४ च्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते. पण स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकले, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. आपल्याकडची गर्दी बाझेलला नसते, हे मान्य. त्यावर उपाय रिकामी पदे भरणे हाच आहे. तरीही हे दीड मिनिट वाचवून आपण नको त्या चाचण्या आणि पुन्हा पुन्हा येणारा तोच रुग्ण पदरात घेतो.

आता स्कॅन सगळे सांगतो, असेही म्हणतात. पण बाजाराच्या दिवशी एसटीत लघवीची सोय नाही म्हणून बाई रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी टाळते, हे कुठल्या स्कॅनमध्ये दिसणार? रक्तदाब उतरत नाही म्हणून आपण दुसरी गोळी वाढवतो. इथे सहानुभूती म्हणजे हळवेपणा नव्हे; ही बाई असे का करत असेल, हे तिच्या जागी उभे राहून शोधणे. ते शिकवता येते, म्हणूनच २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य रीतसर आले. वर्गात शिकवलेले वॉर्डात वरिष्ठांच्या वागण्यातून दिसले नाही, तर मात्र ते परीक्षेपुरतेच उरेल.

नातेवाइकांनाही एक विनंती. आईला किंवा सासूबाईंना दवाखान्यात न्याल, तेव्हा डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ असे विचारल्यावर उत्तर त्यांनाच देऊ द्या. आणि त्यांना तुमच्यासमोर बोलणे अवघड जात असेल, तर थोडा वेळ बाहेर बसा.