डागाचें फूल

उभ्या आयुष्यांत मला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो म्हणजे माझ्या अक्षराचा. फळ्यावर मीं लिहिलेली ओळ पट्टी लावून तपासावी, इतकी ती सरळ असे. सेवानिवृत्तीनंतर कांहीं वर्षांतच उजव्या हाताला कंप सुटला आणि 'श्री' लिहितांनाही वेलांटी थरथरूं लागली. तेव्हां लेखणी मिटून ठेविली व लिहिण्याचा नाद सोडला.

गेल्या श्रावणांत धाकट्या नातीनें रंगांची पेटी माझ्यापुढें आणून ठेविली. "आजोबा, फुलें काढूं या. ह्याला हात स्थिर लागत नाहीं," ती म्हणाली. त्या एका वाक्यासाठीं मी बसलों.

प्रथम जलरंग. जाड कागद पाण्यानें ओला करावयाचा आणि त्यावर रंगाचा कुंचला पांच-सहा ठिकाणीं पाकळीसारखा नुसता टेकवावयाचा. रंग आपला आपणच पसरतो. तो ओला आहे तोंच मध्यभागीं ड्रॉपरनें अल्कोहोलचा एक थेंब सोडला कीं रंग चोहोंकडे मागें सरतो आणि फिकें वर्तुळ उमटतें. तोच फुलाचा गाभा. पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताण अल्कोहोलला असतो. म्हणून भोंवतालचें पाणी रंगासकट सारें आपल्याकडे ओढून घेतें. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यानें १८६५ सालीं ह्या विषयावर प्रबंध लिहिला, आणि ह्या क्रियेला त्याचेंच नांव मिळालें.

दुसरा प्रकार अल्कोहोल इंकचा. ही शाई म्हणजे अल्कोहोलांत विरघळविलेला रंग. साधा कागद ती पिऊन टाकतो, म्हणून न्हाणीघराला बसवून उरलेली एक पांढरी, चकचकीत टाइल आम्हीं घेतली. तिच्यावर दोन थेंब शाई आणि वर थोडें अल्कोहोल सोडून नळीनें हलकेच फुंकर घातली कीं शाई पुढें धांवते, कडेला गडद रेघ धरून वाळते आणि पाकळीला आपोआप कांठ येतो. न आवडल्यास वाळलेली शाईही अल्कोहोलच्या एका थेंबानें पुन्हां विरघळते. मात्र अल्कोहोलची वाफ पेट घेते. म्हणून सूनबाईंनीं समईजवळून उठवून आम्हां दोघांना उघड्या गॅलरींत बसविलें, तें योग्यच केलें.

फूल झालें, पण माझ्यांतला मास्तर गप्प बसेना. यशोधरानें आपल्या टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत 'सादृश्य' हें एक आहे. मीं विचारलें, "ही जास्वंद कीं शेवंती?" ती म्हणाली, "आजोबा, हें नुसतें फूल आहे." मी निरुत्तर झालों. शब्दाचा अर्थ आकृति कीं द्रव्य, ह्यावर वाजप्यायन आणि व्याडि यांचा जो वाद, तो मीं कितीतरी मुलांना शिकविला होता. आणि 'फूल' ह्या शब्दांत कोणतेंही एक फूल नसतें, हें मला ह्या पोरीनें दाखवावें!

आणि त्याच क्षणीं एक जुनी वही आठवली. १९८७ सालची गोष्ट. पांचवीच्या वर्गांत एका मुलाच्या शुद्धलेखनाच्या वहीवर निळ्या शाईचा मोठा डाग पडला होता. त्यानें त्यावर पाण्याचा थेंब टाकून फुंकर मारली होती आणि खालीं देंठ व दोन पानें काढलीं होतीं. मीं त्याच्या तळहातावर दोन छड्या मारल्या आणि तें पान त्याच्याच हातानें फाडावयास लावलें. तो रडला नाहीं. पुढें त्याची वही नेहमीं स्वच्छ असे आणि मी ती इतरांना आदर्श म्हणून दाखवीत असें. त्या स्वच्छतेची किंमत काय पडली, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधीं पडला नव्हता.

हें सारें नातीला सांगितलें. सांगतांना जीभ जड झाली. ती रागावली नाहीं, तिनें एवढेंच विचारलें, "मग त्याचें फूल दिसत कसें होतें?"

मीं कोरा कागद ओला केला. निळ्या रंगांत कुंचला बुडविला. हात थरथरत होता, थेंब भलतीकडेच पडला आणि पसरला. मीं फुंकर घातली. देंठ व दोन पानें तिनें काढलीं.

तो कागद आतां माझ्या मेजावर कांचेखालीं आहे. त्याच्याखालीं मीं नांव घातलेलें नाहीं, कारण तें फूल माझें नव्हे. ज्यांच्या घरीं वह्यांवर डाग पाडणारीं मुलें आहेत, त्यांनीं छडी किंवा शब्द उचलण्यापूर्वीं तो डाग क्षणभर नीट पाहावा, एवढीच विनंती.