निरोपाचा मान

गोव्यात पेडणे तालुक्यातील पार्से गावासारख्या ठिकाणी निवृत्तीचा निरोप समारंभ कचेरीपुरता उरत नाही. सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात वयाची ६० वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो सेवेतून मोकळा होतो, आणि शाळेच्या वर्गात किंवा पंचायतीच्या सभागृहात शाल, श्रीफळ व मानपत्र घेऊन सहकारी जमतात, तेव्हा घरची माणसे, शेजारी आणि वाड्यावरचे चार जाणतेही खुर्च्यांवर येऊन बसलेले असतात. म्हणून कुणाचा सत्कार झाला यापेक्षा कुणाचा झाला नाही, ही बातमी गावात लवकर पसरते.

मान वाटण्याचा प्रश्न या भागाला नवा नाही. गावऱ्हाटी, म्हणजे देवकार्यातील मानकरी, त्यांची कामे आणि त्यांचे क्रम ठरवणारी कोकण-गोव्याची परंपरागत ग्रामव्यवस्था, हिच्यात ढोल वाजवणाऱ्याचा आणि दिवटी धरणाऱ्याचाही वाटा नेमलेला असतो. ही उतरंड जन्मावर बेतलेली आहे, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही, आणि मानापानावरून देवळांचे उत्सव अडल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. तरीही आपल्या वाट्याला काय येणार, हे तिथे धाकट्यातल्या धाकट्या सेवेकऱ्याला आधीच ठाऊक असते. कागदोपत्री समतेने चालणाऱ्या कचेरीत मात्र निरोपाचा नेम कुणी लिहून ठेवलेला नसतो. तो लोभावर सोपवलेला असतो, आणि लोभ बहुधा हुद्द्याच्या मागून चालतो.

वर्गणीची यादी पाहिली की हे उघड होते. पट्टीने रेघा ओढलेला फुलस्केप कागद टेबलांवरून फिरतो, पहिले नाव आणि पहिला आकडा साहेबांचा असतो, त्याखाली फार लहान आकडा घालण्याचा कुणाला धीर होत नाही, आणि पगाराच्या मानाने पाहू गेल्यास सर्वांत जड रक्कम शिपायाची निघते. मुख्याध्यापक निघाले तर हा कागद दोनदा फिरतो. फारसा कुणात न मिसळणारा कारकून निघाला तर कागद खणातून बाहेरच येत नाही. बदली होऊन जाणाऱ्याची बोळवण चहा-भज्यांवर होते. ठेकेदारामार्फत राबणाऱ्या सफाई कामगाराला तेवढेही नसते: कंत्राट संपते, ओळखपत्र परत घेतले जाते.

शालीपाशीच हा प्रश्न संपत नाही. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना पगार नव्हे, मानधन मिळते. त्यामुळे ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मालकाने कायद्याने द्यावयाची एकरकमी रक्कम, त्यांना लागूच होत नाही, असा सरकारी पक्ष होता. गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी तो खोडून काढला आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. सत्काराच्या भाषणांत ज्यांना गावाच्या माउल्या म्हटले जाते, त्यांना हक्काच्या पैशासाठी दिल्ली गाठावी लागली.

कचेऱ्यांनी निरोपाचा नेम आता लेखी करावा. आयत्या वेळच्या वर्गणीऐवजी दरमहा पगाराच्या प्रमाणात थोडी रक्कम निधीत जावी, आणि त्यातून मुख्याध्यापकापासून कंत्राटी मदतनिसापर्यंत सर्वांना एकाच प्रतीची शाल मिळावी. त्यापलीकडची माया ज्याची त्याने आपल्या खिशातून करावी, आणि ज्याला समारंभच नको त्याच्यावर तो लादू नये. भाषणे लांबली तरी चालतील. ग्रॅच्युइटी मात्र कायद्याने ३० दिवसांच्या आत द्यावयाची असते, तेवढी मुदत चुकवू नये.