एकोणसाठ म्हणजे किती?

सोयाबीनची रास झाली की आमच्याकडं कट्टे घरीच जोखून मग मोंढ्यात नेतात. काट्यावरचा आकडा म्हातारं माणूस सांगतं, वहीत लेकरू लिहितं. औंदा आडतीची पट्टी आणि घरची वही यात बरोबर दहा किलोचा फरक आला. घरात लगेच मोंढ्यातल्या काट्यावर संशय. भांडायला जायच्या आधी वही तपासली. सगळे कट्टे ५८ ते ६१ किलोचे, एकच ६९ चा. सांगणाऱ्यानं 'एकोणसाठ' म्हटलं होतं, लेकरानं 'साठ' ऐकून ६९ लिहिलं.

लेकराला तरी काय बोलणार? 'एकोण' म्हणजे एक उणा. साठाला एक उणा, म्हणजे ५९. १९ पासून ८९ पर्यंत हीच रीत. आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव, म्हणजे नव्वद आणि नऊ! दुसरा घोळ असा, की 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी. जर्मन लोकही एकक आधीच बोलतात. पण आपल्या उदगीर-देवणीकडं कानडी बोलणारा माणूस २१ ला 'इप्पत्तोंदु' म्हणतो, म्हणजे आधी वीस, मग एक. तेलुगूतही तसंच. जसं बोललं तसं लिहिलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं आलं, तेव्हा लई टीका झाली. भाषा बिघडंल म्हणून काळजी होती, ती खरीच. पण लेकरांची अडचण पण खरी आहे.

माझं म्हणणं, एकोणसाठ सोडायचं नाही. मोंढ्यात, बैलबाजारात तेच चालतं, लेकरांना ते यायलाच पाहिजे. फक्त आकडा दोनदा सांगायचा: "एकोणसाठ, पाच नऊ." लिहिणाऱ्यानं तोच परत म्हणायचा. फोनवर भाव विचारताना तर नक्कीच. 'एकोणपन्नासशे' म्हणजे ४९००. ऐकणाऱ्यानं ५९०० धरलं तर क्विंटलमागं हजाराचा घोटाळा. आणि कृषी सहाय्यक साहेबांनो, फवारणीचं प्रमाण सांगताना तुम्ही पण असंच सांगा. कट्ट्यातले दहा किलो वहीत सापडतात, पंपात जास्त पडलेलं औषध परत निघत नाही.