मिरजेतले अकरा दिवस

मिरज स्टेशनाबाहेर पडल्यावर रिक्षावाला "कुठं जायचं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "कुठला दवाखाना?" दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी दुपारी मी, आमचे हे आणि माझी मोठी बहीण, अशी तिघं सांगोल्याहून गाडीनं उतरलो आणि हाच प्रश्न ऐकला. आपा चिडली. म्हणाली, "तोंडावर लिहिलंय का आमच्या?" रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "हातात फाईल आहे ना, खाला."

फाईल खरंच होती, आणि जाडजूड होती. चार वर्षांत दोनदा मुतखडा झाला होता. गुडघे, पाठ, तळवे सतत दुखायचे. पाचवीच्या वर्गात तिसऱ्या तासाला खुर्चीवर बसावंसं वाटायचं. एका डॉक्टरांनी हाडं ठिसूळ होत आहेत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि मी त्या दोन वर्षं इमानेइतबारे खाल्ल्या. घरात म्हणायचे, वय झालं, चाळिशीत असं होतंच. शेवटी मुतखड्याच्या दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं. ते निघालं १२.१. साधारण साडेआठ ते साडेदहा हवं. मग पॅराथॉर्मोनची तपासणी झाली, तेही वाढलेलं. गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, हे एवढी वर्षं शिकवण्यात घालवलेल्या मला ठाऊक नव्हतं. रक्तातलं कॅल्शियम किती असावं ते या ग्रंथी ठरवतात. माझी डावीकडची खालची ग्रंथी बोराएवढी वाढली होती आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतत होती. त्यातलंच मूत्रपिंडात जाऊन खडे झाले. ज्या भगिनींना पुन्हा पुन्हा मुतखडा होतो त्यांनी एकदा ही साधी तपासणी करून घ्यावी, एवढं सांगून आजाराचं पुराण आवरते.

आवरण्याआधी एकच गंमत. या ग्रंथी पहिल्यांदा माणसात नव्हे, गेंड्यात दिसल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या हिंदुस्थानातला एक गेंडा मेला, त्याची चिरफाड करताना १८५०च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांना त्या सापडल्या. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन व्हायला १८८० साल उजाडलं. हे मी आपाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझं दुखणं गेंड्याचं!"

ऑपरेशनची मला भीती नव्हती. भीती आवाजाची होती. सहीच्या कागदावर लिहिलं होतं की आवाजाची नस या ग्रंथींना अगदी लागून जाते, तिला धक्का बसू शकतो. एकोणीस वर्षं मी साठ-साठ मुलांच्या वर्गात आवाजावर भाकरी कमावली आहे. पट्टी मी कधी वापरली नाही, आवाजच पुरला. सही केली, पण हात थरथरला.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नाव सांगा." मी सांगितलं. आलेला आवाज माझा नव्हता. फाटक्या कागदातून हवा जावी तसा होता. नळी घातली होती, सूज आहे, नसही थोडी सुस्त दिसते, बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारतं, असं त्यांनी सांगितलं. "बहुतेक" हा शब्द मी रात्रभर उशाशी घेऊन झोपले. वर अशी ताकीद की कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं घशाला जास्तच ताण पडतो. बोलायचं तर हळू आणि थोडं, नाहीतर पाटीवर लिहायचं. आपानं मुलांच्या दुकानातून खरीच पाटी आणली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, पण कॅल्शियम रोज तपासायचं म्हणून गाव सोडायचं नव्हतं. दवाखान्यामागच्या गल्लीत खोली घेतली. मिरजेत अशा खोल्या घरोघरी मिळतात. शेजारच्या खोलीत विजापूरकडचं कुटुंब होतं, त्यांच्या आजोबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्या आजी कानडीतून बोलायच्या, आपा दखनीतून, आणि मी पाटीवर मराठीत. तरी रोज संध्याकाळी तिकडून ज्वारीची भाकरी यायची आणि इकडून खिचडी जायची.

हे गाव दवाखान्यांचं कसं झालं याचा धागा विल्यम वॉनलेस नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरपर्यंत जातो. त्यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं. सांगलीच्या रस्त्यावरच्या वॉनलेसवाडीला त्यांचंच नाव आहे, तिथं क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. एकामागून एक दवाखाने वाढत गेले आणि आज मिरजेचा चहावाला, लॉजवाला, फळवाला सगळेच निम्मे डॉक्टर झाले आहेत. फळवाल्यानं माझ्या मानेवरची पट्टी बघून सांगितलं, "थायरॉइड? डाळिंब घ्या." सांगोल्याच्या बाईला मिरजेत डाळिंब विकत होता!

तिसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांत. मग हात आपोआप वळू लागला. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम भसाभस ओढून घेतात, असं होऊ शकतं, हे सांगितलेलं होतं. पण रात्री दोन वाजता सांगितलेलं आठवत नाही. आपानं मला चादरीत गुंडाळलं, हे रिक्षा बघायला धावले. आमच्या गावात त्या वेळी कुत्र्याशिवाय कुणी जागं नसतं. मिरजेत मेडिकलची दोन दुकानं उघडी होती, बाकावर पाच-सहा जण चहा पीत होते आणि रिक्षावाल्यानं या वेळीही तेच विचारलं. कॅल्शियमची सुई शिरेतून अगदी हळूहळू दिली, छातीला तारा लावून. पहाटे फजरची अजान झाली तेव्हा बोटं मोकळी झाली होती. मान मागे-पुढे होत नव्हती, म्हणून खाटेवर बसून इशाऱ्यानं नमाज पढले. आजाऱ्याला दिलेली ही सवलत मी मुलांना किती वेळा शिकवली असेल, वापरली तेव्हा तिची किंमत कळली.

पाचव्या दिवसापासून संध्याकाळी चालायला परवानगी मिळाली. खोलीपासून सतारमेकर गल्ली जवळच. या घराण्यांची मूळ ओळख शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारं घडवणारे, धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याकडे हात वळवला, आणि पुढच्या पिढ्यांनी मिरजेचं नाव देशभर नेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानांत छताला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले. एका दुकानात मी पाटीवर लिहिलं, "हे कुठले?" म्हातारे कारागीर म्हणाले, "तुम्ही कुठल्या?" सांगोला म्हटल्यावर हसले. "मग तुमच्याच बाजूचे. पंढरपूर, मंगळवेढा." भीमेकाठचे भोपळे! लहानपणापासून त्या वाटेनं जाते-येते, कधी वळून पाहिलं नव्हतं.

ते एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा केसभर सरकवायचा. बोदा, बसका आवाज येत होता. दहा-पंधरा मिनिटं हेच चाललं. त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. आणि मग एकाएकी तार गुंजायला लागली, दुकान भरून गेलं. आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला विचारलं, "सर्दी झाली का बाई?" मी दुपट्टा बाजूला करून पट्टी दाखवली. ते म्हणाले, "अच्छा. कुठला डॉक्टर?"

दर्ग्यात आम्ही शेवटच्या दिवशी गेलो. आमच्या ह्यांना दर्ग्याचं फारसं नाही, ते बाहेर थांबले, आणि त्यावरून आमच्यात कधी भांडण झालेलं नाही. ख्वाजा शमना मीरांच्या या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो, हे ऐकून मला बरं वाटलं. याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. किराण्याहून आलेला हा गवई मिरजेचा झाला. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनावर त्यांना मृत्यूनं गाठलं, आणि त्यांना परत इथंच आणलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गायक येऊन गातात. मी उभी राहून फातिहा पढले. मनातल्या मनात नव्हे, मुद्दाम ओठ हलवून. पहिल्या आयतीला आवाज फाटला, शेवटच्या आयतीपर्यंत निम्माशिम्मा आला. एका बाईनं मागून हळूच "आमीन" म्हटलं, म्हणजे तिला ऐकू गेलं असणार.

अकराव्या दिवशी कॅल्शियम ८.९ आलं. गोळ्या चालूच ठेवायच्या, सहा आठवड्यांनी यायचं आणि सहा महिन्यांनीही आकडा नीट राहिला तर आजार गेला समजायचं, असं ठरलं. गाडी तीच, आमची पंढरपूर-लातूरकडची. २०१६च्या उन्हाळ्यात याच रुळांवरून मिरजेचं पाणी टाक्या भरभरून लातूरला गेलं होतं. तेव्हा आम्ही मुलांना घेऊन सांगोला स्टेशनात ती गाडी बघायला उभे होतो. मुलं टाळ्या वाजवत होती, आणि त्यांना गप्प करायला मी फक्त एकदा "शूऽ" म्हटलं होतं.

खिडकीत बसले. चहावाला डब्यावरून पुढे निघून गेला. हे फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पाणी भरत होते, आपा झोपलेली. पाटी पिशवीत होती. मी घसा न खाकरता हाक मारली, "ओ भाऊ, दोन चहा!"

तो चार डबे पुढे गेला होता. थांबला, वळला आणि विचारू लागला, "कुणी बोलावलं?"