वुर्लिट्झरची साथ

पालो आल्टोचं स्टॅनफर्ड थिएटर १९२५ सालचं. वुर्लिट्झर ऑर्गन वादकासकट जमिनीतून वर आला आणि माझी नजर त्याच्या पायांवरच खिळली. खर्ज पायांनी वाजवायचा असतो. ऑर्गनला जोडलेले ढोल, झांजा, घंटा खऱ्याच, पण नजरेआड दडवलेल्या. हवेच्या जोरावर वाजतात.

मूकपट बस्टर कीटनचा, 'स्टीमबोट बिल ज्युनियर', १९२८. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि हा पठ्ठ्या नेमका खिडकीच्या चौकटीत उभा! भिंत खरीच पाडलेली. तिथे वादकाने हात उचलले. बरं केलं, वादळात त्याने गडगडाट जरा जास्तच केला होता.

आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असे. फाळक्यांच्या १९१७च्या 'लंकादहना'त मारुतीच्या उड्डाणाला पेटीवाल्याने काय बरं वाजवलं असेल?