आधी बैठक, मग ड्रम

भाचीला ड्रम शिकायचा होता आणि माझा जुना सेट बहिणीच्या जबलपुरातल्या मदन महलच्या घरी, वरच्या खोलीत उभा होता. तो मांडलेला माझ्या उंचीला. मुलगी तेरा वर्षांची, चणीनं लहान. ती स्टुलावर बसली तेव्हा टाचा अधांतरी राहिल्या आणि क्रॅश सिंबलपर्यंत हात पोचवायला तिला खांदा कानाला लावावा लागला. ताई म्हणाली, "वाजवू दे ना तसंच, होईल सवय." सवय होते, हेच तर वाईट. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत आम्ही दुसऱ्यांनी मांडलेल्या सेटवर दोन मिनिटांत चढायचो. कुठे स्टूल नसलं की प्लास्टिकची खुर्ची मिळायची. तीन-तीन तास तसं वाजवलं की पाठ सरळ करायला भिंत लागायची. कंबरेचं ते दुखणं अजून माझ्यासोबत आहे.

म्हणून सगळं भिंतीकडे सारलं आणि सतरंजीवर फक्त स्टूल ठेवलं. स्टुलाचा स्क्रू फिरवत फिरवत उंची अशी आणली, की तिचे तळवे पुरते टेकतील आणि मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. स्टूल फार खाली असेल तर गुडघे वर येतात आणि कंबर मागे कलून पाठीला पोक येतो. फार वर असेल तर पाय उचलताना सगळा तोल पुढे जातो. कपाटाचा आरसा बाजूनं दिसेल असा लावला आणि तिला म्हटलं, दोन्ही टाचा एकदम उचल. ती मागे झुकली. पुन्हा. मग बसायची हाडं स्टुलाच्या नेमक्या मध्यावर आली आणि पाय उचलूनही धड हललं नाही. "मामा, बॅलन्सिंग रॉकसारखं!" ती म्हणाली. मदन महल किल्ल्याच्या वाटेवरची ती शिळा खालच्या खडकावर जेमतेम टेकलेली आहे, तरी २२ मे १९९७ च्या पहाटेच्या भूकंपात ती जागची हलली नाही. वजन योग्य जागी पडलं की धरून ठेवायला ताकद लागत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.

मग डोळे मिटून, पाय आपोआप पडतील तिथे पडू दिले. उजवा पाय जरा बाहेरच्या दिशेला पडला. बरेच जण किक ड्रम नाकासमोर ठेवतात आणि मग गुडघा वाकडा करून पॅडल दाबत राहतात. मी पॅडल तिच्या पावलाच्या रेषेत ठेवलं आणि ड्रम त्यामागे गेला, थोडा तिरका. डाव्या पावलाखाली हाय-हॅटचं, म्हणजे सिंबलच्या जोडीचं, पॅडल. दोन गुडघ्यांच्या मधल्या जागेत स्नेअर, मांडीच्या चार बोटं वर, म्हणजे काठी काठावर आपटतानाही मांडीला लागू नये.

हे सगळं बसून वाजवणंसुद्धा फार जुनं नाही. जबलपूर छावणीचं गाव. मोठा ड्रम एकाच्या गळ्यात आणि छोटा दुसऱ्याच्या, ही जुनी रीत इथे परेडला अजून पाहायला मिळते. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये पायाच्या चांगल्या पॅडलचं पेटंट घेतलं, आणि एकाच माणसाला बसल्या जागी दोन्ही सांभाळणं सोपं झालं. हाय-हॅट तर आधी गुडघ्याच्याही खाली असायची, नुसती पायानं वाजवायची. नंतर ती हाताच्या उंचीला आली. डेफ लेपर्ड या रॉक बँडचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात १९८४ च्या अखेरीस अपघातात गेला, तेव्हा त्यानं डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाच्या पॅडलांवर घेतले आणि पुन्हा मंचावर बसला. वाद्यच जर माणसासाठी इतकं बदलू शकतं, तर लहान पोरीनं ताणून पोचावं असा आग्रह का धरायचा?

खरी अडचण टॉमची होती. किक बावीस इंची. तिच्यावर टॉम बसवला की तो तिच्या हनुवटीपाशी यायचा. मी तो किकवरून काढला आणि एका जादा स्नेअर स्टँडच्या तीन फाट्यांत धरला. बारा इंची टॉम त्यात चपखल बसतो. स्नेअरच्या काठाला लागून, थोडासाच कललेला. फार कलवला तर काठी कातड्यात रुतते आणि मनगट दुखतं. दुसरा टॉम मी बाजूलाच ठेवला; शिकताना त्यावाचून काही अडत नाही. हाय-हॅट स्नेअरच्या वीतभर वर घेतली, तिच्या विताची, म्हणजे उजवा हात डाव्यावरून जाताना दोन्ही काठ्या भांडत नाहीत. राइड सिंबल आत ओढली, कोपर बरगडीपासून फार दूर जाणार नाही इतकी. क्रॅश खांद्याच्या खाली.

शेवटी तिला पुन्हा डोळे मिटायला सांगितले. मी नाव घेई, ती ठोका देई: स्नेअर, टॉम, राइड. टॉमचा ठोका काठावर गेला, तो स्टँड दोन बोटं डावीकडे सरकवला. मग ती सलग वाजवत राहिली आणि मी आरशात फक्त तिचे खांदे पाहत होतो. ते वर चढले नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

स्टँडच्या पायांभोवती सतरंजीवर रंगीत टेप चिकटवला आहे, कारण दिवाळीच्या साफसफाईत ताई सगळं हलवणार. स्टुलाच्या दांड्यावर खूण आहे. पोर वाढत्या वयाची, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ती खूण तपासायची असं आमचं ठरलं आहे. टॉम किकवर परत चढवायचा तो तिची मान वर न करता त्याचं कातडं तिला दिसायला लागेल तेव्हाच.